डायव्हरच्या तपासणीत हृदयाचा प्रवेश

पाण्याखालच्या आजारांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा हृदय कोणाच्या खिजगणतीत नव्हते. पुलांचे पाये खणताना दाबाखालच्या हवेत राबणारे मजूर वर आले की सांध्यांच्या कळांनी विव्हळत. काहींचे पाय लुळे पडत. हे दाब उतरताना रक्तात होणाऱ्या नायट्रोजनच्या बुडबुड्यांचे काम आहे, हे फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्ये मांडले. पुढे १९०८ मध्ये जॉन स्कॉट हॉल्डेन आणि सहकाऱ्यांनी शेळ्यांवरच्या प्रयोगांतून टप्प्याटप्प्याने वर येण्याची कोष्टके दिली. वैद्यकीय तपासणीचा भर त्यानंतरही कान, सायनस आणि फुफ्फुसांवरच राहिला. नौदलातल्या धडधाकट तरुणांपुरते ते चालूनही गेले.

कोडे वेगळेच होते. कोष्टक काटेकोर पाळूनही काही डायव्हरना लकवा, चक्कर किंवा अंगावर चट्टे का येतात? १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतील मून यांच्या आणि ब्रिटनमधील विल्म्सहर्स्ट यांच्या गटांनी स्वतंत्रपणे बोट ठेवले ते हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या भोकावर. गर्भात हे भोक सगळ्यांनाच असते. जन्मानंतर साधारण चौघांतल्या एकाचे ते पुरते मिटत नाही. एरवी शिरांतले बुडबुडे फुफ्फुसांत गाळले जातात. भोक असेल तर बुडबुडे थेट डाव्या बाजूला, तिथून मेंदूकडे किंवा मज्जारज्जूकडे जाऊ शकतात.

हे भोक शोधण्याची चाचणी पाहण्यासारखी असते. सलाइनमध्ये किंचित हवा मिसळून ते दोन सिरिंजांमधून मागेपुढे घुसळतात आणि दंडाच्या शिरेत सोडतात. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) पडद्यावर उजवा कप्पा पांढऱ्या ठिपक्यांनी भरून जातो. मग रुग्णाला श्वास कोंडून जोर लावायला आणि एकदम सोडायला सांगतात. पुढच्या दोन-तीन ठोक्यांत डावीकडे ठिपके दिसले की निदान झाले. जोर लावायला न सांगता केलेली चाचणी म्हणजे अर्धीच चाचणी, असे माझे मत.

मग सगळ्यांचीच का करू नये? कारण भोक असणारे पुष्कळ आणि गंभीर त्रास होणारे फारच थोडे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडील आणि ब्रिटनमधील डायव्हिंग-वैद्यक संस्थांनी २०१५ मध्ये संयुक्तपणे हेच सांगितले: सरसकट नको, आधी मेंदू, मज्जारज्जू, आतला कान किंवा त्वचेला बुडबुड्यांचा त्रास झालेल्यांची, तसेच डोळ्यांपुढे चकाकी येणाऱ्या अर्धशिशीच्या रुग्णांची चाचणी करण्याचा विचार करावा. भोक बंद करून घेतले तरी किमान तीन महिने थांबून ते नीट मिटल्याची खात्री झाल्यावरच पाण्यात उतरायचे.

या भोकाचा गाजावाजा जरा जास्तच झाला. पाण्यात अचानक मरण पावणाऱ्या मध्यमवयीनांत जुनाच शत्रू, हृदयाच्या अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या, कितीतरी वेळा सापडतो. पाण्यात उतरताच हातापायांतले रक्त छातीकडे सरकते, थंडीने रक्तदाब चढतो, त्यात प्रवाहाविरुद्ध पोहणे आले की हृदयावर ताण येतो. बसल्या जागी काढलेला साफ ईसीजी याबद्दल फारसे काही सांगत नाही.

म्हणून हौशी डायव्हरसाठी २०२० मध्ये सुधारलेल्या आंतरराष्ट्रीय प्रश्नावलीत पंचेचाळिशी ओलांडलेल्यांना धूम्रपान, कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि घरातल्या कोणाला पन्नाशीच्या आत झालेला हृदयविकार विचारला जातो. शिवाय, १.६ किलोमीटर १४ मिनिटांत चालता येते का, किंवा न थांबता २०० मीटर पोहता येते का, हेही. उत्तर अडचणीचे निघाले तर डॉक्टरांनी तपासून सही केल्याखेरीज पुढे जाता येत नाही.