खेळाडू एक, तारखा दोन

मे २०२५ मध्ये कझाकस्तानातल्या अस्ताना शहरातली ‘काउंटर-स्ट्राइक २’ या व्हिडिओ गेमची, पीजीएल या आयोजक कंपनीची स्पर्धा १८ तारखेला संपली आणि १९ तारखेला अमेरिकेत डॅलसला त्याच खेळाची, ईएसएल या दुसऱ्या आयोजक कंपनीची आयईएम स्पर्धा सुरू झाली. अस्तानात टीम स्पिरिट जिंकली. त्या वेळी जगात पहिल्या क्रमांकावर असलेला फ्रान्सचा व्हिटॅलिटी संघ तिकडे फिरकलाच नाही. डॅलसला मात्र गेला आणि चषक घेऊन आला. यावरून ना कोणाला संघातून काढलं गेलं, ना कोणती लीग बंद पडली. हा प्रसंग इतका साधा वाटावा यासाठी जवळपास वीस वर्षांची भांडणं व्हावी लागली.

या भांडणांचं मूळ एका गोष्टीत आहे. क्रिकेटची चेंडू-फळी कोणाच्या मालकीची नाही. म्हणूनच १९७७ मध्ये केरी पॅकरला मंडळांच्या नाकावर टिच्चून आपली स्पर्धा उभी करता आली. व्हिडिओ गेम मात्र पहिल्या दिवसापासून एका कंपनीचा असतो. त्या कंपनीनं परवाना दिला तर स्पर्धा, नाहीतर नाही. पण सुरुवातीच्या काळात गेम विकणं हाच कंपन्यांचा धंदा होता. स्पर्धांचं वेळापत्रक हे त्यांना आपलं काम वाटत नव्हतं. खेळाला मालक होता, कॅलेंडरला नव्हता. ती रिकामी जागा कधी टीव्ही वाहिन्यांनी, कधी संघमालकांनी, कधी आयोजकांनी बळकावली. ‘कुठली स्पर्धा खेळायची’ हा प्रश्न खेळाडूच्या नावानं विचारला गेला, पण उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणी दिलं.

सुरुवात दक्षिण कोरियात झाली. २००० मध्ये तिथं कोरिया ई-स्पोर्ट्स संघटना, म्हणजे केस्पा, स्थापन झाली. ‘स्टारक्राफ्ट’ या गेमचे सामने दाखवणाऱ्या दोन वाहिन्या होत्या, ऑनगेमनेट आणि एमबीसीगेम, आणि दोघींची आपापली वैयक्तिक लीग होती: ओएसएल आणि एमएसएल. शिवाय कंपन्यांच्या संघांची प्रोलीग. एसके टेलिकॉम, केटी, सॅमसंग असे संघमालक पगार देत, खेळाडूंना एका घरात ठेवून सराव करून घेत. जाहिरात होते ती संघाच्या जर्सीची, त्यामुळे मालकांचा जीव प्रोलीगमध्ये. खेळाडूचं नाव मात्र वैयक्तिक लीग जिंकून होतं. २००७ मध्ये केस्पानं प्रोलीगचे प्रक्षेपण हक्क विकायला काढले, वाहिन्यांशी तंटा झाला आणि संघांनी वैयक्तिक लीगवर बहिष्काराचं हत्यार उपसलं. त्याच वर्षी प्रोलीग आठवड्यातून पाच दिवस खेळवली जाऊ लागली. वैयक्तिक लीगच्या सरावाला वेळ कुठून काढायचा, हे खेळाडूनं आपलं आपण बघायचं. त्याला दोन्ही डगरींवर पाय ठेवायला लावायचं आणि पडला की ‘फॉर्म गेला’ म्हणायचं, असा हा कारभार होता.

पुढे गॉम टीव्ही नावाच्या इंटरनेट वाहिनीनं तिसरी स्पर्धा काढली. २००९ मध्ये केस्पाच्या संघांनी वेळापत्रकाचं कारण देऊन तिच्यातून अंग काढून घेतलं आणि ती स्पर्धाच बंद पडली. पण गॉमनं याचं उट्टं काढलं. २०१० मध्ये गेमची मालक कंपनी ब्लिझार्डनं केस्पाशी चाललेल्या हक्कांच्या वाटाघाटी सोडून गॉमशीच करार केला आणि ‘स्टारक्राफ्ट २’ या नव्या गेमची जीएसएल ही लीग सुरू झाली. मालकाला आपल्या मालकीची जाणीव होण्याचा हा मोठा क्षण. ब्लिझार्डनं एमबीसीगेमला कोर्टात खेचलं. प्रकरण २०११ मध्ये तडजोडीनं मिटलं. त्यानंतर वर्षभराच्या आत एमबीसीगेम बंद होऊन तिच्या जागी संगीत वाहिनी आली, हा या कथेतला एक उदास विनोद.

ऑगस्ट २०१२ मध्ये तर निवडीचा प्रश्न अगदी उघडा पडला. मे महिन्यापासून केस्पाचे खेळाडू एकाच प्रोलीगमध्ये जुनं आणि नवं अशी दोन्ही ‘स्टारक्राफ्ट’ खेळत होते. ४ ऑगस्टला जुन्या खेळाची शेवटची ओएसएल अंतिम लढत झाली. आता सगळे नव्या खेळात येणार, तर केस्पानं जाहीर केलं की आपले खेळाडू जीएसएलच्या चौथ्या मोसमात उतरणार नाहीत. कारण पुन्हा वेळापत्रक. त्यावर गॉमच्या बाजूच्या संघांच्या महासंघानं उलट सांगितलं: मग आमचे खेळाडू ओएसएल खेळणार नाहीत. काही दिवसांतच समझोता झाला. पण त्या काही दिवसांत कोरियातल्या जवळजवळ प्रत्येक व्यावसायिक खेळाडूसाठी जगातल्या दोन मोठ्या स्पर्धांपैकी एकीचं दार लागलं होतं, आणि त्यांच्यापैकी कोणी ते स्वतः लावलं नव्हतं.

अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथं पैशानं कोंडी केली. २००७ मध्ये डायरेक्टटीव्हीनं चॅम्पियनशिप गेमिंग सिरीज काढली. फ्रँचायझी, खेळाडूंची निवड-फेरी, नियमित पगार, टीव्हीवर थेट प्रक्षेपण असा सगळा थाट. अट एकच, पण महागात पडणारी. ‘काउंटर-स्ट्राइक’चं जगभर मुरलेलं रूप १.६ हे होतं. टीव्हीवर देखणी दिसते म्हणून लीगनं ‘सोर्स’ ही नवी आवृत्ती घेतली. पगार हवा तर जुना खेळ सोडायचा. कॉम्प्लेक्सिटी आणि टीम ३डी या अमेरिकेतल्या दोन अव्वल नावांनी ती वाट धरली. बरेच जण मागे राहिले. नोव्हेंबर २००८ मध्ये लीग गुंडाळली गेली, तेव्हा गेलेल्यांच्या हाती पगार राहिला नव्हता आणि मागे राहिलेल्यांकडे तोलामोलाचे प्रतिस्पर्धी. उत्तर अमेरिकेचा ‘काउंटर-स्ट्राइक’ पुढची कित्येक वर्षं युरोपच्या मागे रेंगाळला, त्यात या दीड वर्षाचा वाटा मोठा आहे असं माझं मत आहे.

आता ज्या प्रसंगावर थोडं थांबायला हवं तो. सप्टेंबर २०१६ मध्ये अमेरिकेतल्या सात संघांच्या मालकांनी पीईए नावाची संघटना काढली: टीएसएम, क्लाउड९, टीम लिक्विड, सीएलजी, इमॉर्टल्स, एनआरजी आणि कॉम्प्लेक्सिटी. स्वतःची लीग चालवायची आणि नफ्यातला अर्धा वाटा खेळाडूंना द्यायचा, अशी घोषणा. कागदावर हे खेळाडूंच्या भल्याचंच होतं. अडचण अशी की तेव्हा ईएसएल प्रो लीग आणि फेसइट या आयोजक कंपनीची ईसीएस या दोन मोठ्या लीग आधीच चालू होत्या. तिसरी बसवायची तर कोणतीतरी एक काढावी लागणार. मालकांचा रोख ईएसएल प्रो लीगवर होता. स्पर्धा फार झाल्या, प्रेक्षक कंटाळतील, हा त्यांचा युक्तिवाद, आणि तो अगदीच पोकळ नव्हता. त्या काळात आठवड्याचा एकही दिवस ऑनलाइन सामन्यांविना जात नसे.

डिसेंबरमध्ये पाच संघांच्या पंचवीस खेळाडूंनी खुलं पत्र काढलं. त्यांच्या वतीनं बोलत होता स्कॉट स्मिथ, चाहत्यांना ‘सरस्कूट्स’ या नावानं ठाऊक असलेला जुना जाणता माणूस. आमच्या नावानं निर्णय होतात आणि आम्हाला शेवटी कळतं, हा पत्राचा सूर. ईएसएलची लीग सोडली तर युरोपातल्या संघांशी भिडण्याची मोठी संधी जाणार होती, आणि बदल्यात मिळणार होत्या त्याच त्या ओळखीच्या अमेरिकी संघांशी लढती. चांगल्या खेळाडूला पैशाइतकीच तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याची भूक असते, हे मालकांच्या हिशेबात नव्हतं. पत्राच्या पाठोपाठ टीएसएमनं आपला कर्णधार शॉन गेअर्स याला संघाबाहेर काढलं. मालकाची बाजू अशी की त्यानं आपल्याशी न बोलता थेट जाहीर वाद ओढवला. चाहत्यांना ते पटलं नाही.

जानेवारी २०१७ मध्ये मालकांनी खेळाडूंना अखेर सरळ विचारलं: पीईए की ईएसएल? खेळाडूंनी ईएसएल म्हटलं. पीईएची ‘काउंटर-स्ट्राइक’ लीग सुरू होण्याआधीच थांबली. ई-स्पोर्ट्सच्या इतिहासात दोन स्पर्धांमधली निवड खरोखर खेळाडूंच्या हाती आली असे प्रसंग विरळा, त्यातला हा ठळक. तोही पत्र निघाल्यानंतर.

यातून आयोजकांनी मात्र वेगळाच धडा घेतला. खेळाडूंचं मन वळवत बसण्यापेक्षा संघच बांधून घेतलेला बरा! डेन्मार्कच्या आरएफआरएसएच कंपनीकडे ॲस्ट्रॅलिस हा त्या काळचा सर्वोत्तम संघ होता आणि ब्लास्ट ही स्पर्धामालिकाही. मे २०१९ च्या सुरुवातीला सिडनीची आयईएम झाली तिला ॲस्ट्रॅलिस गेला नाही; पुढच्याच आठवड्याच्या शेवटी माद्रिदच्या ब्लास्टमध्ये मात्र तो अंतिम फेरीत होता. खेळाडूंना विश्रांती हवी, प्रवास कमी हवा, असं संघाचं म्हणणं. टीकाकारांना त्यात मालकाचा हात दिसला. मला वाटतं दोन्ही खरं होतं. सिडनी जिंकणाऱ्या टीम लिक्विडनं ६३ दिवसांत चार स्पर्धा घेऊन दहा लाख डॉलरचं इंटेल ग्रँड स्लॅम हे इनाम उचललं आणि पहिला क्रमांकही पटकावला. ॲस्ट्रॅलिसनं सप्टेंबरमध्ये बर्लिनचं मेजर, म्हणजे या खेळातली सर्वांत मानाची स्पर्धा, जिंकून उत्तर दिलं. त्या उन्हाळ्यात कंपनीनं संघ आणि स्पर्धा वेगळ्या केल्या. पण थकव्याची गोष्ट बनावट नव्हती. मे २०२० मध्ये ॲस्ट्रॅलिसचे लुकास रोसँडर आणि अँड्रियास हॉयस्लेट हे दोघं ताणामुळे रजेवर गेले.

२०२० च्या वसंतात फाळणी पूर्ण झाली. ईएसएलनं आपल्या प्रो लीगसाठी तेरा संघांशी ‘लूव्र करार’ केला. दुसरीकडे एमआयबीआर, क्लाउड९, जेन.जी वगैरे मंडळी फ्लॅशपॉइंट या नव्या लीगमध्ये गेली. दोन्ही लीग मार्चमध्ये, काही दिवसांच्या अंतरानं सुरू. खेळाडूनं कुठे खेळायचं हे त्याच्या जर्सीवरून ठरलेलं.

‘लीग ऑफ लेजेंड्स’ या गेममध्ये हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सुटला, म्हणजे उरलाच नाही. रायट या मालक कंपनीनं २०१३ पासून स्वतःची लीग चालवून सगळे आठवडे आपल्याकडे घेतले; बाहेरच्या आयोजकांना चांगल्या तारखाच शिल्लक राहिल्या नाहीत. ‘डोटा २’ या गेममध्ये त्याची मालक कंपनी वाल्व्ह हिनं अधली वाट धरली. २०१७-१८ च्या मोसमात वीसहून अधिक स्पर्धांना वर्षाच्या मुख्य स्पर्धेच्या पात्रतेचे गुण दिले, तर संघ विमानतळावरच राहू लागले. पुढच्या मोसमात ते पाच मोठ्या (मेजर) आणि पाच छोट्या (मायनर) स्पर्धांवर आणलं. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ईएसएल वन भरली, ती याच मोसमात, दोन मेजरच्या मधल्या फटीत आणि गुणांविना. आपल्याकडचा बीजीएमआय हा मोबाइलवरचा खेळ तर मालकीचा प्रश्न आणखी स्पष्ट करून दाखवतो. २८ जुलै २०२२ ला तो सरकारी आदेशानं अ‍ॅप-दुकानांतून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. मधल्या काळात खेळाडूंपुढे स्पर्धा निवडण्याचा पेच नव्हताच; स्पर्धाच नव्हती.

‘काउंटर-स्ट्राइक’चा मालकही वाल्व्हच. तो वर्षानुवर्षं अलिप्त राहिला. जानेवारी २०२२ मध्ये सौदी अरेबियाच्या सॅव्ही समूहानं ईएसएल आणि फेसइट या दोन्ही कंपन्या मिळून दीड अब्ज डॉलरला घेतल्याची घोषणा झाली. ऑगस्ट २०२३ मध्ये वाल्व्हनं तोंड उघडलं. २०२५ पासून आयोजकांनी संघांशी खास व्यावसायिक संबंध ठेवायचे नाहीत, आणि मोठ्या स्पर्धांची आमंत्रणं क्रमवारीवरून द्यायची. करारांचे साखळदंड तुटले. पण क्रमवारी गुण मागते आणि गुण खेळल्यावाचून मिळत नाहीत. व्हिटॅलिटीसारखा वरचा संघ एखादी स्पर्धा निवांत सोडू शकतो. विसाव्या-तिसाव्या क्रमांकाचा संघ मेजरची तारीख जवळ आली की छोट्या छोट्या लॅन, म्हणजे एकाच जागी जमून खेळायच्या स्पर्धांमागे धावत सुटतो. निवडीचा हक्क सगळ्यांना सारखा मिळाला, ऐपत नाही.

दरम्यान कॅलेंडरवर नवे दावेदार आलेत. हांगझौ आशियाई स्पर्धेत ‘लीग ऑफ लेजेंड्स’चं सुवर्ण कोरियानं २९ सप्टेंबर २०२३ ला जिंकलं आणि विश्वविजेतेपदाची वर्ल्ड्स स्पर्धा सुरू झाली १० ऑक्टोबरला. आशियाडच्या सुवर्णपदकानं कोरियन खेळाडूची सक्तीची लष्करी सेवा जवळजवळ पूर्ण माफ होते. फेकर या नावानं जगाला माहीत असलेला ली सांग-ह्योक आणि त्याचे सहकारी हांगझौला जाणार की क्लबच्या सरावाला थांबणार, असा प्रश्नच तिथं कोणी मनापासून विचारला नसेल. एके काळी लष्करात गेलेल्या खेळाडूंसाठी कोरियाच्या हवाई दलानं स्वतःचा ‘स्टारक्राफ्ट’ संघ चालवला होता, इतका हा विषय जुना आणि जिव्हाळ्याचा.

आणि २०२४ पासून रियाधचा ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कप, पहिल्याच वर्षी सहा कोटी डॉलरच्या बक्षिसांचा. १२ जुलै २०२५ ला कॅनडात व्हँकुव्हरला जेन.जीच्या कोरियन संघानं कोरियाच्याच टी१ ला हरवून ‘लीग ऑफ लेजेंड्स’ची एमएसआय ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकली. १६ जुलैला रियाधमधली याच खेळाची स्पर्धा सुरू झाली, तीही जेन.जीनंच जिंकली. मधल्या चार दिवसांत जेमतेम विमानप्रवास आणि झोप. जेन.जी किंवा टी१ यांपैकी कोणी रियाध सोडून दिली असती तर नियमानं त्यांना कोणी अडवलं नसतं. पुढचा आशियाड जपानमध्ये आयची-नागोयाला १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर २०२६ असा ठरलेला आहे, आणि त्या वर्षीची वर्ल्ड्स अमेरिकेत.