इतिहासनिष्ठ सादरीकरण (यूरोपीय संगीत)

जुन्या रचना त्यांच्या काळातील वाद्ये, पट्टी, अलंकरण व वादनसंकेत यांच्या आधारे सादर करण्याची पद्धती. आरंभी ती साधारणतः १७५० पूर्वीच्या संगीतापुरती होती. पुढे मोट्सार्ट, बेथोव्हन यांच्या रचनांनाही लागू झाली. ‘अस्सल’ हे तिचे जुने विशेषण आता बहुतेक अभ्यासक टाळतात, व ते योग्यच आहे.

काहीजण तिचा उगम जर्मन संगीतकार मेंडेल्सझोनने १८२९ मध्ये बर्लिनला सादर केलेल्या, अठराव्या शतकातील बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ (ख्रिस्ताच्या यातनांवरील गायनरचना) मध्ये पाहतात. मात्र मेंडेल्सझोनने अनेक एकलगीते गाळली आणि अप्रचलित वाद्यांच्या जागी क्लॅरिनेट योजली. तेव्हा हे पुनरुज्जीवन असले तरी इतिहासनिष्ठ नव्हे. जुनी वाद्ये स्वतः घडविणारा आर्नल्ड डोलमेच (१८५८–१९४०) हा आरंभबिंदू अधिक सयुक्तिक वाटतो.

सर्वांत तीव्र वाद बाखच्या गायकवृंदाच्या संख्येचा. २३ ऑगस्ट १७३० रोजी लाइपसिक नगरपरिषदेला दिलेल्या निवेदनात बाख प्रत्येक वृंदासाठी किमान १२, शक्यतो १६ गायक मागतो. यावरून एका स्वरभागाला (वृंदातील उंच ते खालच्या चार आवाजांपैकी प्रत्येकाला) तीन-चार गायक, असा अर्थ दीर्घकाळ लावला गेला. अमेरिकन संगीतज्ञ जोशुआ रिफ्किनने १९८१ मध्ये त्याला आव्हान दिले : उपलब्ध हस्तलिखितांत बहुधा प्रत्येक स्वरभागाची एकच प्रत आढळते, म्हणून गायकही एकच; बाखचा आकडा हा एकाच वेळी गाणाऱ्यांचा नसून उपलब्ध मनुष्यबळाचा आहे. एका प्रतीवरून तिघे वाचत असतील, असे विरोधक म्हणतात. कोणी आजारी पडला तरी दुहेरी वृंदाची (आठ स्वरभागांची) रचना गाता यावी, हे निवेदनातच दिलेले कारण रिफ्किनच्या बाजूने जाते. तथापि ‘सेंट जॉन पॅशन’साठी पूरक गायकांच्या प्रती उपलब्ध असल्याने त्याचा निष्कर्ष सरसकट लावता येत नाही.

या पद्धतीचा खरा लाभ ध्वनिसंतुलनात दिसतो. बाखच्या दुसऱ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोत (एकल वाद्ये व वाद्यवृंद यांच्यासाठीची रचना) ट्रंपेटच्या जोडीला रेकॉर्डर (उभी बासरी) आहे; आधुनिक ट्रंपेटपुढे ती सहज झाकोळते, जुन्या बनावटीच्या ट्रंपेटबरोबर मात्र ऐकू येते. तातीच्या (जनावराच्या आतड्याच्या) तारा व हलका गज यांनी नृत्यलयही उठावदार होते.

मर्यादाही मूलभूत आहेत. आज रूढ असलेली ४१५ हर्ट्झची ‘बरोक (साधारणतः १६००–१७५० या काळातील) पट्टी’ ही सोयीची तडजोड आहे. प्रत्यक्षात पट्टी गावोगावी बदलत असे. जुन्या म्हणून वाजविल्या जाणाऱ्या अनेक ट्रंपेटांना विसाव्या शतकात सुचलेली छिद्रे असतात. ही शैली विसाव्या शतकाच्याच अभिरुचीचे अपत्य आहे, हा अमेरिकन संगीतज्ञ रिचर्ड टारुस्किनचा आक्षेप अद्याप पुरता खोडला गेलेला नाही. कास्त्राती (खच्ची केलेले पुरुष गायक) यांच्यासाठी लिहिलेल्या भूमिका आज स्त्रिया किंवा उंच स्वरात गाणारे पुरुष गातात. त्या आवाजाचे एकल ध्वनिमुद्रण आलेस्सांद्रो मोरेस्की या कास्त्रातोच्या १९०२ व १९०४ मधील तबकड्यांपुरतेच उरले आहे.