"ग्रॅनाईट दगड आहे, त्याला खालून आधार कशाला" – हा एक गैरसमज

फोंड्याला नवीन किचन करताना मिस्त्री म्हणाला, ओटा फूटभर बाहेर काढू, खाली स्टूल सरकवून चहा प्यायला बरं, सपोर्ट नको, ग्रॅनाईट आहे ना! हे वाक्य आपल्याकडे प्रत्येक घरात ऐकू येतं आणि अर्धंच खरं आहे. ग्रॅनाईट दाबाला जबरदस्त, पण वाकवलं तर कच्चं. बाहेर काढलेल्या कडेवर वजन आलं की वरचा भाग ताणला जातो, म्हणून चीर वरून सुरू होते, बहुतेक ओट्याखालचं कपाट संपतं त्या रेषेवर, आणि आधी वाकून वगैरे दाखवत नाही, सरळ तुटतं. २० मिमीचा स्लॅब चौरस फुटाला साधारण ५ किलो, ते ठीक आहे हो, पण चवथीला पाहुणे आले की कोणीतरी गप्पा मारत त्यावर बसतंच ना.

ढोबळ हिशोब असा, २० मिमीला ६ इंच, ३० मिमीला १० इंचापर्यंत बिनआधार चालतं, तेही स्लॅबचे दोन तृतीयांश मागे नीट टेकलेले असतील तर. त्याहून जास्त बाहेर काढायचं तर ब्रॅकेट किंवा कडाप्प्याचा उभा पाय हवाच. स्लॅब चिकटवायला लावतात ते सिलिकॉन म्हणजे आधार नव्हे. ब्रॅकेट स्टेनलेसचेच घ्या, साधं लोखंड आपल्या खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत गंजायला लागतं. सिंकच्या भोकाजवळ तर कड बाहेर काढूच नका, तिथे दगडाची पट्टी चार बोटं उरते.

आमचा मिस्त्री तोंड वाकडं करून शेवटी तीन ब्रॅकेट लावून गेला.