ताण वारेवर, रक्तदाब आईचा

पूर्ण द्राक्षगर्भ या बिघडलेल्या गर्भधारणेत गर्भाशयात बाळ नसतंच. असते ती फक्त द्राक्षांच्या घडासारखी बेसुमार फुगलेली वार, म्हणजे प्लॅसेंटा. तरीही त्या बाईला प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गरोदरपणात रक्तदाब चढण्याचा आजार, होऊ शकतो. या आजाराचं मूळ वारेत शोधायचं, ते म्हणूनच.

गरोदरपणाचे 20 आठवडे उलटल्यावर रक्तदाब 140/90 किंवा त्याच्या वर जातो, बहुतेकदा लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, तेव्हा आजार कळतो. बिघाड मात्र बराच आधी झालेला असतो. सुरुवातीच्या महिन्यांत वारेच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरून तिथल्या नागमोडी धमन्या रुंद करतात, म्हणजे रक्त संथ आणि भरपूर येतं. हे काम अर्धवट राहिलं, की नळाच्या तोंडावर बोट दाबल्यावर चिळकांडी उडावी तसं रक्त वारेच्या नाजूक अंकुरांवर आदळतं. शिवाय पुरवठा सारखा कमी-जास्त होतो. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच: ऑक्सिजन नुसता कमी पडण्यापेक्षा तो तुटून पुन्हा येणं पेशींना जास्त बाधतं. तो परत येताना फ्री रॅडिकल्सचा, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या अस्थिर रेणूंचा, लोंढा सुटतो.

पेशीच्या आत, एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम नावाच्या जाळीत, नवी प्रथिनं घडी घालून नीट आकाराला आणली जातात. ताणाखाली घड्या चुकतात, चुकलेला माल साचतो आणि पेशी नवी प्रथिनं बनवणंच आवरतं घेते. जीव वाचवण्याची ही धडपड. पण तिच्यापायी वार लहान राहते आणि बाळाचं वजनही वाढत नाही. ताण हटलाच नाही, तर पेशी मरू लागतात.

गरोदरपणात उशिरा होणाऱ्या प्रीएक्लॅम्प्सियात या धमन्या बऱ्याचदा ठीक असतात, पण शेवटच्या आठवड्यांत वारेवर ताण येतोच.

ताणलेली वार आईच्या रक्तात एसएफएलटी-1 हे प्रथिन जास्त सोडते. रक्तवाहिन्यांचं अस्तर ज्या वाढघटकांवर निरोगी राहतं, त्यांनाच ते पकडून ठेवतं. 2003 मध्ये हे प्रथिन गाभण उंदरांच्या शरीरात वाढवलं, तर त्यांचा रक्तदाब चढला आणि लघवीत प्रथिनं आली.

मग फ्री रॅडिकल्सवर सी आणि ई जीवनसत्त्वं द्यावीत, असं कुणालाही वाटेल. मोठ्या चाचण्यांमध्ये त्यांनी आजार टळला नाही. जोखीम जास्त असलेल्या स्त्रियांना सोळाव्या आठवड्याआधी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केलेली कमी मात्रेची ॲस्पिरिन मात्र उपयोगी ठरते. आजार जडल्यावर खरा उतार पडतो तो वार बाहेर आल्यावरच, आणि तोही लगेच नाही: या आजारात येणारे आकडीचे झटके बाळंतपणानंतरही येऊ शकतात, म्हणून पुढेही काही दिवस रक्तदाब मोजत राहावा लागतो.