नेम पिस्तुलात नसतो

‘ट्रिगर बदल, भारी ग्रिप लाव, स्कोअर आपोआप वाढेल.’ शूटिंग रेंजवर नवख्याच्या कानावर हे पडतंच. खरं सांगायचं तर स्पर्धेचं एअर पिस्तूल शिकंज्यात घट्ट पकडून उडवलं, तर १० मीटरवर पेलेट, म्हणजे छर्रे, जवळपास एकाच भोकातून जातात. चूक हातात असते.

हिशोब पाहा. नेम धरायला पिस्तुलावर पुढे-मागे दोन साइट्स (खुणा) असतात; त्यांच्यातलं अंतर साधारण ३२ सेंटिमीटर. ट्रिगर दाबताना मनगट दचकून पुढची साइट फक्त १ मिलिमीटर खाली गेली, की गोळी टार्गेटवर सुमारे ३ सेंटिमीटर खाली. आणि दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटर व्यासाचं! ट्रिगर हवा तितका हलकाही करता येत नाही; नियमाने किमान ५०० ग्रॅमचा भार लागतो.

ग्रिप मात्र हाताला बसायलाच हवी. ती कानशीने घासून, पुटी भरून बसवतात, त्यात खोटं काही नाही. पण त्याआधी घरी कोऱ्या भिंतीसमोर, पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून, रोज वीस मिनिटं ड्राय फायर करा, म्हणजे गोळी न भरता ट्रिगर दाबायचा सराव. ट्रिगर सुटताना साइट हलली का, एवढंच बघायचं. पहिल्या दिवशी ती हलतेच. माझीही हलायची.