सर्पगंधा (रक्तदाबावरील औषध)

करवीर कुलातील लहान झुडूप. शास्त्रीय नाव रौवोल्फिया सर्पेंटिना. कोकणात सह्याद्रीच्या पायथ्याला, झाडांच्या सावलीत, पालापाचोळा कुजलेल्या ओलसर जागी आढळते. उंची साधारण गुडघ्याएवढी. पाने बहुधा पेरावर तीन-तीन, फुले पांढरी पण त्यांचे देठ लालभडक, पिकलेली फळे जांभळट काळी. औषध मुळात असते आणि त्यातले सुमारे ९० टक्के सालीत. मुळे धुताना साल खरवडली तर हाती नुसते लाकूड उरते. कुंपणाकडेला रुजणारी रौवोल्फिया टेट्राफायला सर्पगंधेच्या नावाखाली खपवली जाते. तिची पाने पेरावर चार आणि लहानमोठी असतात. बाजारात मात्र सुकी मुळेच येतात, तेव्हा ही खूण कामाची नाही.

मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव मांडला आणि पाश्चात्त्य वैद्यकाचे लक्ष या मुळाकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्यातून रक्तदाब उतरवणारे द्रव्य, रेसर्पिन, वेगळे झाले.

मज्जातंतूंच्या टोकांना नॉरअ‍ॅड्रेनॅलिन (रक्तवाहिन्या आवळणारे द्रव्य) साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या असतात. रेसर्पिन त्या भरू देत नाही. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, नाडी मंदावते. साठा आटायला वेळ लागतो, म्हणून पुरता गुण यायला दोन-तीन आठवडे जातात. औषध थांबवल्यावरही परिणाम बरेच दिवस रेंगाळतो. घोटाळा होतो तो इथेच. चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून मात्रा वाढवली जाते आणि सगळे परिणाम पुढे एकदम अंगावर येतात : नाक चोंदणे, गळून जाणे, आम्लपित्त, आणि सर्वांत वाईट म्हणजे खोल उदासी.

आयुर्वेद हिला तिक्त, उष्ण वीर्याची आणि झोप आणणारी मानतो. दक्षिण चीनमध्ये हिचीच भाऊबंद रौवोल्फिया व्हर्टिसिलाटा (लुओफूमू) वापरतात. तिथले वैद्य तिला कडू पण थंड, यकृताची आग उतरवणारी समजतात. डोके गरगरणे, चेहरा लाल होणे, चिडचिड, तारेसारखी ताठ नाडी ही लक्षणे चिनी वैद्यक ‘यकृताचे यांग (उष्ण, चढती शक्ती) वर चढले’ अशी वाचते. एक उष्ण म्हणतो, दुसरा शीत. पेशंट शांत होतो यावर मात्र दोघांचे एकमत. चीनमध्ये अल्प रेसर्पिन आणि मूत्रल (लघवी वाढवणारी) औषधे एकत्र असलेल्या स्वस्त गोळ्या पुष्कळ चालल्या. इतरत्र अ‍ॅम्लोडिपिनसारख्या औषधांनी रेसर्पिनला मागे सारले.

गोळीतली मात्रा दिवसाला ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. मुळात रेसर्पिन गटाची द्रव्ये ०.१५ टक्के धरली, तरी चमचाभर म्हणजे २ ग्रॅम चूर्णात ती ३ मिलिग्रॅम भरतात. शिवाय प्रत्येक मुळाचा कस वेगळा. त्यामुळे घरी कुटलेले चूर्ण डॉक्टरांच्या गोळीवर घेणे धोक्याचेच; बीटा-ब्लॉकर किंवा डिगॉक्सिन ही नाडी मंदावणारी हृदयाची औषधे चालू असतील तर नाडी फार उतरू शकते. नैराश्य, जठरव्रण, कंपवात, गरोदरपण आणि अंगावर पाजणे यांत हे मूळ वर्ज्य.

लागवडीला निचऱ्याची, किंचित आम्ल जमीन हवी. पावसाळ्यात पाणी तुंबले की मुळे कुजतात. बी कमी रुजते, म्हणून पाण्यात टाकून तरंगणारे पोचट बी काढून टाकतात. मुळे साधारण दीड वर्षाने, हिवाळ्यात पाने झडल्यावर खणतात.

फुरसे किंवा नाग चावल्यावर मूळ उगाळून देण्याची जुनी रीत आहे. विषावर त्याचा उतार पडत नाही. प्रतिसर्पविषाचे इंजेक्शनच लागते.