वाटाणा नेमका कधी पेरायचा? ग्राहकांसाठी माहितीपत्रक

परदेशी बियाण्यांच्या पाकिटांवर आणि मोबाईलवरच्या व्हिडिओंत ‘वाटाणा वसंताच्या सुरुवातीला लावा’ असं सांगतात. हिवाळ्यात जिथं जमीन गोठते, तिथं ते बरोबर आहे. त्यांना बर्फ विरघळल्यावर मिळणारी गार हवा आपल्या विदर्भात नोव्हेंबर ते जानेवारीत मिळते. आपल्याकडे फेब्रुवारीत पेरलेला वाटाणा फुलावर येईस्तोवर मार्चचं ऊन सुरू होतं. पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात, शेंगा धरल्या तरी दाणा भरत नाही. म्हणून फेब्रुवारीत वाटाण्याचं बियाणं घेऊच नका.

तारीख फुलावरून उलटी मोजायची. अर्केल ही लवकर येणारी जात साधारण 40 दिवसांत फुलते, पहिला तोडा 55 ते 60 दिवसांनी. 1 नोव्हेंबरला पेरली तर फूल डिसेंबरच्या मध्यात आणि शेंग भरते ती ऐन थंडीत. बोनव्हिलेला पहिल्या तोड्यापर्यंत 80-85 दिवस लागतात, ती नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापुढे नेऊ नका.

दिवाळीवर हिशेब धरू नका. लक्ष्मीपूजन 2025 मध्ये 21 ऑक्टोबरला आलं, 2026 मध्ये 8 नोव्हेंबरला. अडीच आठवड्यांचा फरक. त्यापेक्षा सकाळी आठला वावरात दोन इंच खोल थर्मामीटर खोचा. सलग चार-पाच दिवस 25 अंशांच्या खाली दाखवलं की पेरा. थर्मामीटर नसेल तर पहाटे धुऱ्यावरच्या गवतावर रोज दव दिसतं का ते पाहा; अंदाज तेवढा पक्का नाही, पण कामाचा आहे.

सोयाबीन निघालं की लगेच पेरायची घाई कळते, कारण पहिल्या शेंगेला भाव असतो. पण ऑक्टोबरच्या उन्हात दोन गोष्टी झाडं खातात: मर (झाड वाळवणारा बुरशीचा रोग) आणि खोडमाशी. पिवळं पडलेलं झाड उपटून खोड उभं चिरा. आत तपकिरी रेघ दिसली तर मर. खोड पोकळ असून आत बारीक अळी किंवा कोष सापडला तर खोडमाशी. हलकी, निचऱ्याची जमीन असेल तर 15 ऑक्टोबरनंतर धोका पत्करता येईल. काळ्या भारी जमिनीत नाही.

भारी जमिनीत आणखी एक चूक हमखास होते: कोरड्यात पेरून वरून पाणी. माती चिकटून बसते, बी खाली सडतं. आधी ओलित करा, वाफसा येऊ द्या, मग पेरा. मुठीत दाबलेला गोळा बोटाने टोचल्यावर भुगा झाला पाहिजे. लोण्यासारखा दबला तर दोन दिवस थांबा.

अर्केलचं बियाणं एकरी 35 ते 40 किलो, दोन ओळींत 30 सेंटीमीटर, दोन झाडांत 5 ते 7 सेंटीमीटर, खोली दीड-दोन इंच. घरचं बी असेल तर 100 दाणे ओल्या बारदान्यात गुंडाळून आठवडाभर ठेवा. 75 उगवले तर ठीक. 60 च उगवले तर बियाणं त्याच प्रमाणात वाढवा, त्याहून कमी असेल तर ते बी पेरू नका. पेरणीच्या दिवशी किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी मित्रबुरशी) आणि 10 किलोला 250 ग्रॅम रायझोबियम (मुळांवर गाठी धरणारे जिवाणू) गुळाच्या पाण्यात कालवून चोळा, सावलीत सुकवा. रायझोबियमचं पाकीट वाटाण्याचंच घ्या. हरभऱ्याचं उरलेलं चालत नाही, त्या जिवाणूंमुळे वाटाण्याच्या मुळांवर गाठी धरत नाहीत. खत म्हणून एकरी एक पोतं डीएपी पेरताना द्या. वरून युरिया टाकला की पाला माजतो आणि फूल लांबतं.

उशीर झालाच, तर नोव्हेंबरअखेरपर्यंत फक्त अर्केल घ्या, आणि जानेवारीत पानांवर पांढरी भुकटी दिसताच 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम पाण्यात मिसळणारं गंधक टाकून सकाळच्या गारव्यात फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. 10 डिसेंबर उलटून गेला असेल तर त्या वावरात मेथी किंवा सांबार (कोथिंबीर) घ्या.